आठवा खांब

चार हमाल लागले, आणि एका शिवीचा टेकू.
स्पेनचं आहे म्हणे, तीनशे वर्षांपूर्वीचं.
समोरची फळी पाडली की लिहायचं मेज,
आत खणावर खण, बोटभर खांबांची देवळं,
हाडाचे तुकडे बसवलेले, म्हाताऱ्याच्या दातांसारखे
काही पिवळे, काही गेलेले.
कुलपाच्या जाळीदार पत्र्याखाली लाल मखमल,
कसरीनं खाल्लेली.

दांडिया बाजारातल्या माझ्या दुकानात मावेना.
निम्मं आत, निम्मं ओट्यावर.
मी संखेड्याचे झोपाळे दुरुस्त करणारा,
लाखेचा तांबडा-सोनेरी रंग नखांत कायमचा.
हे लाकूड अनोळखी. अक्रोड.
हात लावण्याआधी हुंगलं:
जुन्या वहीचा वास, थोडा मेणाचा,
आणि तळाशी कुठेतरी गूळ.

खांब आठ, पिळाचे.
सात उजवीकडे वळलेले.
आठवा डावीकडे.
नखानं खरवडलं. साग!

म्हणजे कुणीतरी इथलाच.
कुणा सरदाराच्या दिवाणखान्यात तुटला असेल,
मागच्या दारानं बोलावलं असेल त्याला.
सात पाहून त्यानं आठवा कोरला
आणि पीळ उलटा गेला.
चुकला? की डावरा होता?
डोक्यावर शिंपला हवा,
तो त्यानं कधी पाहिलेला नसावा.
त्यानं सूप कोरलं,
विणीसकट.

"बधुं ओरिजिनल जोईए, भिवाजीभाई."
जयंतीभाईंचा फोन. गिऱ्हाईक अहमदाबादचं,
वास्तूच्या आधी हवंय.
अक्रोडाचा तुकडाही त्यांनीच धाडला.

सागाचा खांब काढायला सकाळ गेली.
सरस नव्हता, खुंटी नव्हती, चूक नव्हती.
इतकी वर्षं
नुसता मापावर उभा.

मी नवा कोरला. पीळ उजवा,
शिंपला शिंपल्यासारखा.
चहाच्या पाण्यानं, चपडीनं म्हातारा केला.
आता आठांत तो ओळखू येत नाही,
त्याचेच मला पैसे.
फक्त बसवला तेव्हा हलला.
सरस लावावा लागला.
बिलात लिहिला नाही.

टेम्पो गेला. ओट्यावर
चार पायांचे चार ओरखडे राहिले.

काल दुकान वाढवल्यावर
पटाशी डाव्या हातात धरून पाहिली.
सागाच्या फळकुटावर एक पीळ.
वाईट आला.
पण त्याच बाजूला वळला.