सांध

आमच्या घरात बादलीला कडीच्या जागी नायलॉनची दोरी होती,
कुकरच्या मुठीला सायकलची ट्यूब,
आणि दिव्याचं बटण खाली राहावं म्हणून
आगपेटीतली एक काडी, कायमच्या नेमणुकीवर.
पंखा बोटाने ढकलून सुरू करायचा.
पाहुण्यांना आधीच सांगायचं,
बसा त्या खुर्चीवर, पण टेकू नका.

आई म्हणायची, आणि म्हणे मेस्त्रीचं घर.
बाबा म्हणायचे, भागतंय ना?
आणि भागायचं. खोटं कशाला बोलू.

पण जैतापूरच्या खाडीवर
ओढून घेतलेल्या होडीच्या पोटाशी बसले
की तेच बाबा ओळखू यायचे नाहीत.
कापूस चिमटीत चुरून बघायचे, वास घेऊन बघायचे,
राळ आणि उंडीचं तेल कढत आलं
की काडीवर थेंब घेऊन
तार धरतेय का, ते उजेडासमोर.
छिन्नी, मोगरी. छिन्नी, मोगरी.
सांध रिकामी असली की आवाज बसका येतो,
भरली की टणक.
मी सहा वर्षांची असेन. फळीला कान लावून बसायची.
आता?
अजून नाही.
आता?
शेवटच्या वीतभरात एक जागा मऊ वाजली
तर दिवसभर ठासलेला कापूस उपसून काढायचे.
मालक चिडायचे.
बाबा म्हणायचे, इथेच भांडून घ्या,
तिकडे भांडायला उभं राहायला जागा नाही.

एका वर्षी सोलकरांची 'रहमत' मागे राहिली.
बाबांना ताप, हंगाम तोंडावर,
बाकीच्यांनी बर्फसुद्धा भरलेला,
आणि रहमतच्या डाव्या अंगाला
हातभर सांध अजून बसकी.
इस्माईलचाचा म्हणाले, लाव रे कायतरी, काय व्हायचं नाय.
बाबांनी एम-सील मळलं, कणकेसारखं,
अंगठ्याने दाबत नेलं, वरून काळा रंग.
मी तिथेच होते.
मला त्यांनी, आता? असं विचारलं नाही.

रहमत गेली.
बाबा रात्री उठून पायरीवर बसायचे,
आई म्हणायची ताप आहे, आत या.
रहमत आली. भरून आली.
चाचांनी दोन सुरमया पाठवल्या, एक तर मुंडीशेपटीसकट
आमच्या परातीतही मावेना.
परत गेली, परत आली, अख्खा हंगाम.
काहीही झालं नाही.

हेच त्यांना सोसलं नाही.
पुढच्या वर्षापासून कोणीही धक्क्यावरून ओरडायचा,
मेस्त्री, रहमतला चाललं की!
आणि बाबांकडे याला उत्तर नव्हतं.
त्यांच्याविरुद्धचा पुरावा
रोज संध्याकाळी धक्क्याला बांधलेला असायचा,
भरतीला हलका हलका डुलत.

मग फायबरच्या आल्या. त्यांना सांधच नाही.
बाबांनी एकीवर बोटाच्या पेराने टकटक केलं.
चांगली आहे, म्हणाले.
टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटलं असावं.

मी रत्नागिरीला असते, कोळंबीच्या कारखान्यात,
ट्रे तपासून शिक्के मारते.
बर्फ कमी असतो कधी, कधी दोन-चार काळी पडलेली.
सुपरवायझर म्हणतो, जाऊ दे ना.
मी जाऊ देते.
मधेच एखादा अडवते.
कुठला आणि का, ते मला धड सांगता यायचं नाही.

खोलीचा दरवाजा वाऱ्याने आपटतो.
घरमालक दोन वर्षं म्हणतोय, कडी बसवून देतो.
तोवर खाली बाबांची छिन्नी सारून ठेवलीय,
जड आहे, अंगठ्याच्या जागी झिजलेली.
भागतंय.
फक्त रात्री समुद्राकडून वारा सुटला
की ती फरशीवर वाजते,
आणि मी झोपेतसुद्धा ओळखते,
बसका.