सात वाजताची खरखर

संध्याकाळी सात वाजता
गव्हाचा भाव सांगता सांगता
रेडिओच्या घशात वाळू भरली, की मी समजायचे :
कुंपणापलीकडे थोरवाल्डनं बटण दाबलं.

बंद पडलेल्या मोटेलच्या पाटीतून
त्यानं काढून आणला होता तो ट्रान्सफॉर्मर.
‘खोली रिकामी आहे’
एवढं एकच वाक्य तीस वर्षं लाल अक्षरांत पेटवत होता बिचारा.
दहा हजार व्होल्ट.
आता गॅरेजात, काकडीच्या लोणच्याची धुतलेली बरणी,
चांदीच्या दोन काड्या,
एक बुडालेली,
दुसरी पाण्याच्या केसभर वर, बगळ्यासारखी टपून.
मधे जांभळी ठिणगी, तडतड,
आणि पावसाआधी येतो तसला वास.

“एक हात कायम खिशात,” तो मला बजावायचा.
“दोन्ही पुढे केलेस
तर वीज काळजातून वाट काढते.”

मग दिवा घालवून बरणीवर लाल टॉर्च धरायचा.
पाण्यात रेघ उमटायची,
तिरिपेत धूळ दिसावी तशी.
“बघ, चांदी.”
मी हो म्हणायचे.
मला नुसती रेघ दिसायची.

हे सगळं इंगाच्या फुफ्फुसांसाठी.
इस्पितळ एकशेवीस मैलांवर,
वाटेत मिल्क नदी, बर्फ, आणि विम्याची न उघडलेली पाकिटं.
डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितलं, हे पिऊ नका.
तो म्हणायचा, त्या पगारी आहेत.
तिला एकटीला नको म्हणून तोही प्यायचा,
सकाळी चार चमचे, रात्री चार,
तिच्यासमोर बसून, पेला पेल्याला लावून.

नखांच्या मुळाशी सुरू झालं.
मग कान. मग गाल.
मार्चपर्यंत थोरवाल्ड पाटीच्या दगडासारखा निळाकरडा,
आणि इंगा मात्र तशीच, गुलाबी, खोकणारी.
“बायकांना लागत नाही वाटतं,” तो म्हणाला.

दफनाच्या दिवशी ती पेटीत
आणि तो पेटीपाशी उभा, एक हात खिशात.
कुणाचा तरी लहान नातू मोठ्यानं विचारता झाला,
मेलंय कोण?
कुणी हसलं नाही. थोरवाल्ड हसला.

मला माहीत होतं.
डिसेंबरातच तिनं मला दाखवलं होतं,
तो बूट चढवायला वळला
की चमचा कुठे रिता होतो ते :
खिडकीतलं जिरेनियम, खालची पानं करपलेली.
“त्याला सांगू नकोस,” ती म्हणाली,
“संध्याकाळी त्याला काहीतरी करायला हवं असतं.”

नाही सांगितलं.
अजून सातला रेडिओ खरखरतो.
वीज मंडळाचा माणूस विचारत आला होता,
मी म्हटलं, माझाच रेडिओ जुना आहे.

काल मला जरा ठसका लागला फाटकाशी.
रात्री निळ्या हातात बरणी घेऊन तो दारात.
घेतली.
त्याच्यादेखत एक चमचा ओतला, ओठांशी नेला,
आणि तो बूट पुसायला वाकेपर्यंत थांबले.
माझ्याही खिडकीत एक कुंडी आहे.