शेरा

वहीत रकाने चारच:
घर क्रमांक, मागचा आकडा, आताचा आकडा, शेरा.
एकतीस वर्षं पाण्याची मीटरं वाचणारी ओबदुलिया सेलाया
शेऱ्यात लिहायची: 'कुत्रा'. 'झाकण जाम'.
'आत विंचू, उद्या बघते'.
तांब्याची खाण बंद पडली, मग
पानंच्या पानं 'कुलूप'.

मी पाणी कार्यालयात बसून ते सगळं उतरवून घेतो.
सोनोराच्या वाळवंटात माझी नोकरी सावलीतली आहे,
हे ती विसरू देत नाही.

मार्चमध्ये वही आली, ओकोतियो गल्ली, घर चौदा:
मागचा आकडा ८८०२, आताचा ८८०२,
शेरा: 'राहतात. झोपलेत.'

मी फोन केला.
म्हटलं, बाई, नऊ वर्षांत तिथं थेंब वापरला नाही कुणी.
'म्हणून काय राहू नये?' ती म्हणाली,
'उन्हं यायच्या आत ये. चपला नको, बूट घाल.'

घर चौदाला दार नव्हतं. दाराची चौकट होती,
आणि मीटरच्या झाकणाला खेटून
गुडघाभर उंचीचं एक झुडूप,
पानं राखेत लोळून आल्यासारखी,
फुलं विटकरी-केशरी, भेंडीच्या गोतातली,
पण भेंडीला कधी असा रंग परवडला नसता.
पाऊस शेवटचा कधी, ते मला कागदावर पाहावं लागेल.
झुडपाला माहीत असावं. ते बोललं नाही.

'वाक,' ओबदुलिया म्हणाली.

एकेका मिटल्या पेल्यात एकेक माशी,
नर, तिनं सांगितलं, यांना घर नसतं,
माद्या कडक जमिनीत बिळं कोरतात
आणि हे दिवसभर उंडारून
संध्याकाळी मिळेल त्या फुलात शिरतात.
एकाचे मागचे दोन पाय बाहेर लोंबत होते,
परागानं पिवळे,
पाळी संपवून बुटांसकट आडवा झालेल्या माणसासारखे.
मी मोजले: अकरा.
एका फुलात दोघं.

तिचा बाप खाणीत रात्रपाळीला होता.
आई या फुलाला म्हणायची 'माल दे ओहो',
हात लावू नको, दृष्ट लागेल, डोळे येतील.
सातव्या वर्षी हिनं लावला, डोळे चोळले, आले.
तीन दिवस चिकटून बंद.
त्या तीन दिवसांत तिला पहिल्यांदा कळलं
की बाप घरी येतो तो भोंग्यानंतर नाही,
भोंग्यानंतर बराच वेळ
अंगणात नुसता उभा राहतो, मग येतो.
'डोळे असताना मी झोपलेली असायचे,' ती म्हणाली
आणि पेन्सिल कानामागे खोचून घर सोळाकडे गेली.

ऊन भिंतीवरून उतरलं. फुलं सैल झाली.
एकेक जण मागे सरकत निघाला,
अंग झटकून, कुणालाही न सांगता.
मी एका रिकाम्या पेल्यात बोट घातलं. कोमट होता,
किंवा माझंच बोट.

दुसऱ्या दिवशी माझे डोळे आले.
रजेच्या अर्जात 'कारण' एवढाच रकाना, आणि तोही अरुंद.
वरून साहेबांचं पत्र: ओसाड जोडण्या तोडा,
झाकणांभोवती तणनाशक मारा, यादी पाठवा.
यादी मी पाठवली, बायकोला वाचून दाखवायला लावून.
त्रेसष्ट घरं.
चौदा नंबर राहून गेला.
डोळे आलेल्या माणसाकडून
एवढं तर होणारच.