निम्मा वाटा

ऑबरी थर्केटलशी माझा करार दोन ओळींचा,
बियाण्याच्या पावतीमागे पेन्सिलीनं लिहिलेला:
सापडेल त्यात निम्मं त्याचं, निम्मं माझं.
खणलेला खड्डा बुजवायचा.

नॉरफोकात बार्ली कापून झाली की मी येते.
धसकटांवरून यंत्राची थाळी फिरवते
सारवणाऱ्या हातासारखी,
एक पट्टा, मग त्याला लागून दुसरा.
कानात लोखंड घोगरं बोलतं,
चांदी किणकिणते,
आणि बिअरच्या डब्याची कडी
चांदीची हुबेहूब नक्कल करते.
अशा कड्या माझ्याकडे बादलीभर आहेत.

सापडतं ते सगळं हरवलेलंच असतं असं नाही.
एकदा सहा पेन्सचं नाणं निघालं,
राजाचा चेहरा अंगठ्यांखाली झिजून सपाट,
आणि दोन जागी मुद्दाम वाकवलेलं.
पूर्वी इथली पोरं असं नाणं वाकवून मुलीला द्यायची.
तिनं ठेवलं तर होकार.
हे बांधापासून वीस पावलांवर होतं;
वीस पावलं म्हणजे
रागावलेला हात फेकू शकतो तेवढंच.
मी ते सरळ केलं नाही.

"याचं निम्मं कसं करणार?" म्हणत
ऑबरीनं परत दिलं.
बावीस वर्षं तो असंच परत देतो:
बंदुकीची गोळी, शिंपिणीचं अंगुस्तान,
मेंढीच्या गळ्यातली मुकी घंटा,
नखाएवढं रोमन तांबं,
ज्यावरचा सम्राट खतानं खाल्ला.

परवा ओढ्याकडच्या कोपऱ्यात
शिशाची गाय निघाली, बोटाएवढी,
तीन पायांची.
पाठीवर तांबड्या रंगाचा टिपका शाबूत.
आवाज ना घोगरा ना किणकिणता, मधलाच कुठला तरी;
मी पुढे निघूनच गेले होते जवळजवळ.

ऑबरी ट्रॅक्टरवरून उतरला.
तळहातावर गाय उभी केली
तुटक्या पायाखाली करंगळी टेकवून.
ती करंगळी त्यानं शोधली नाही.
ती आपसूक तिथे गेली.

"सिरिलची," म्हणाला.
सिरिल म्हणजे भाऊ, चार मैलांवर राहतो.
मी टपाल वाटायचे तेव्हापासून मला ठाऊक आहे,
या घरून त्या घरी
कधी नाताळचं कार्डही गेलं नाही.

वाट्याचं मी काही बोलले नाही.
त्यानं गाय शर्टाच्या खिशात घातली,
बटण लावलं, पुन्हा चाचपलं,
आणि गुडघे टेकून म्हणाला,
"पाय इथेच असेल."

अंधार पडेपर्यंत आम्ही ढेकळं फोडत होतो,
यंत्र बंद करून, बोटांनी.
नाही सापडला.

खड्डा मी अजून बुजवलेला नाही.
त्यानंही विचारलेलं नाही.