पान तिसरं

तक्रार सहा पानांची होती.
नेडीन मिशानोने ती माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा
तिच्या बुटांवरचा बर्फ वितळत होता
आणि मतदानाला एकोणीस दिवस उरले होते.

मी इर्या कोस्केला. निवृत्त पगार-कारकून.
थंडर बेच्या प्रचार कचेरीत मनुष्यबळ विभाग म्हणजे मीच:
एक खुर्ची, एक कुलपाचं कपाट,
आणि टोरांटोहून आलेली पुस्तिका,
जिच्यात 'तत्काळ' हा शब्द बावीस वेळा येतो.
मोजलेत मी. नंतर मोजले.

पहिल्या पानावर तारीख, वेळ, साक्षीदार.
प्रचारप्रमुख लाइल हॅडफर्ड नकाशासमोर उभा राहून म्हणाला,
"तू फोनवर बस, नेडीन.
दारात तुमच्यातलं कुणी दिसलं की लोकांना वाटतं
आपण काहीतरी मागायला आलोय."
कुणी कुणी हसलं, तेही लिहिलं होतं.
हसणाऱ्यांत माझं नाव नव्हतं.
ऐकणाऱ्यांत होतं.

दुसऱ्या पानावर तेच, आणखी दोनदा.

लाइलला विचारलं तर म्हणाला,
"याला भेदभाव नाही म्हणत, इर्या. ही व्यूहरचना आहे."
आणि व्यूहरचना म्हटलं की आमच्याकडे
सगळे आवाज खाली आणतात,
घरात कुणी आजारी असावं तसे.
मतदानानंतर बघू, असं ठरलं.
ठरलं, म्हणजे कुणीच ठरवलं नाही.
घोंगडं भिजत पडलं
खालच्या कप्प्यात, उरलेल्या बिल्ल्यांखाली.

जागा आमचीच होती. तीन निवडणुका आमची.
मोजणीच्या रात्री मी वेलदोड्याचा पाव भाजून नेला,
चार लांब वेण्या.
साडेदहाला दोनशेची आघाडी, एकच वेणी कापली.
मग नदीपलीकडच्या पेट्या उघडल्या.

त्रेसष्ट मतांनी.

टीव्हीवरचा माणूस म्हणाला, अनपेक्षित.
लाइल म्हणाला, आभाळच कोसळलं.
वेंडल प्रुइट, आमचा उमेदवार,
कोट न घालताच बाहेर गेला, उणे चौदात,
आणि त्याच्या बायकोने तो कोट मांडीवर घेऊन ठेवला.

रात्री दोनला मी कपाट उघडलं.
तिसऱ्या पानावर तक्रार नव्हतीच,
किंवा खरी तक्रार तीच:
'नदीपलीकडे चारशे बारा दारं आहेत.
आपलं कुणी एकाही दाराशी गेलेलं नाही.
लाइल म्हणतो, ते लोक मत द्यायला येत नाहीत.
या वेळी येणार आहेत. माझी मावशी गाड्या ठरवतेय.
मला पाठवा. रोज तीस दारं करीन.'
एकोणीस गुणिले तीस.
पगार-कारकुनाला हा गुणाकार झोपेतही येतो.

आणि समासात, माझ्याच अक्षरात, पेन्सिलीने:
विषयाशी संबंध नाही.

आता टोरांटोला पराभवाची कारणं हवीत, दोन पानांत.
हवामान चालेल, म्हणाले. मतदारांचा मूड चालेल.
मी पान तिसरं सुटं काढलं, जोडावं म्हणून.
मग थांबले.
हे वाचून ते हळहळतील. नक्की हळहळतील.
त्रेसष्ट मतांसाठी.
आणि त्रेसष्टने जिंकलो असतो तर?
पहिल्या पानावरचं हसू
कुणाला ऐकू आलं असतं?

सहाच्या सहा पानं पुन्हा टाचली.
पेन्सिल खोडली नाही.

नेडीन आता इस्पितळाच्या नोंदणी खिडकीत बसते.
मी गेले तेव्हा तिच्यापुढे रांग होती, मीही उभी राहिले.
माझी पाळी आल्यावर तिने वर पाहिलं,
माफी वगैरे मी घरून बांधून नेली होती, ती तशीच राहिली.
तिने एवढंच विचारलं,
"त्या दिवशी पावती दिली नव्हतीस.
आता देशील, त्यावर तारीख कुठली घालणार?"

पावतीपुस्तक पिशवीत होतं.
तिच्याच पेनाने
मी खरी तारीख घातली.
हात थोडा हलला.
कार्बनखाली तेही उमटलं.