उपलब्ध लोह

शिरटीच्या मळीला लागून आमची अर्धा एकर चोपण,
उन्हात मीठ फुटतं, सदऱ्यावर वाळलेल्या घामासारखं.
माती तपासणीचा कागद आला: सामू आठ पूर्णांक नऊ.
लोह भरपूर. उपलब्ध लोह नगण्य.

"असून मिळत न्हाई म्हंजे काय वो?"
कृषी सहायक मगदूमबाई
पेनाचं टोपण चावत म्हणाल्या,
"कुलूप आतून लागलंय, काकू."

मग ताग गाडला. जिप्सम विस्कटलं.
तरी कोवळं पान पिवळंच, शिरा तेवढ्या हिरव्या.
त्यावर हिराकसाचं पाणी, लिंबू पिळून,
संध्याकाळी, वारा पडल्यावर.
पंप सुनेच्या पाठीवर दिला नाही,
तिचं रक्त साडेसात भरलेलं.
मीच घेतला.

आठव्या दिवशी शेंडा हिरवा.
दाण्यात काय उतरलं
ते दाणा थोडाच सांगतो?

गिरणीत भूपालला म्हटलं,
एकच हात दे. कोंडा राहू दे अंगावर.
"मळकट दिसंल की भात."
दिसू दे.

रात्री सून एकच घास
बराच वेळ चावत राहिली.
कसा लागतोय?
"मातीसारखा," म्हणाली,
आणि ताट पुढं केलं.