पोस्टकोडचा मध्य

आमच्या अकरा घरांना मिळून एकच पोस्टकोड.
त्याचा मध्य काढला की तो येतो
ग्वेरफिलच्या कुरणात, मेंढ्यांच्या पाण्याच्या टाकीपाशी.
यंत्र माणसाला तिथे आणून सोडतं
आणि समाधानानं सांगतं,
आपण पोहोचला आहात.

या हिवाळ्यात सात गाड्या ओढून काढल्या मी.
ट्रॅक्टर जुना, साखळी नवऱ्याच्या वेळची.
वहीत टिपून ठेवते, आत काय होतं ते:
सोफा.
लग्नाचा केक, तीन मजली; निघाले तेव्हा दोन.
एक तरुण जोडपं, एकमेकांशी न बोलणारं.

काल तिन्हीसांजेला रिमांतास. लिथुआनियाचा.
ट्रकचे दोन्ही आरसे कुंपणाच्या काट्यांत,
दार उघडायला जागा नाही.
खिडकीतून उतरला, चिखलात उभा राहिला
आणि आधी माझीच माफी मागितली.
काचेवरची बाई आत बोलतच होती:
तीनशे मीटर सरळ. पुलावरून जा.

पूल!
माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षीच्या पुरात
तो गेला, जाताना मी पाहिला.
बाईला कुणी कळवलंच नाही.
गावाचं नाव घेते ती
दातात अडकलेलं काढावं तसं.

दीड मैल उलटं यायचं.
मी टॉर्च घेऊन मागे चालत,
डावीकडे, अजून, अजून, बस्स,
त्याची भाषा वेगळी, माझी वेगळी,
आणि मधल्या उसन्या इंग्रजीत दोघांचेही पाय घसरणारे.

मग चहा. त्यानं पेन काढलं:
खरा रस्ता सांगा.
म्हटलं, घे लिहून. चॅपलपाशी डावीकडे,
मोठ्या ओकपाशी उजवीकडे,
मॉर्गनचा दूधकट्टा लागला की
आणि बोलता बोलता थांबले.
चॅपल विकलं गेलं; आता तिथे कुणाचं तरी सुट्टीतलं घर, दाराला राखाडी रंग.
ओक पडून सहा वर्षं झाली.
कट्टा गवताखाली, मॉर्गन त्याच्याही खाली.
तो पेन धरून बसलेला.
काचेवरच्या बाईला मी उगाच हसत होते.

ट्रकमध्ये बॉयलर होता, हेउल्वेनचा.
चार दिवस ती स्वयंपाकघरात कोट घालून बसलीय,
नदीपलीकडे.
तो ट्रॉलीत चढवला, दोरीनं आवळला.
उतार कुठे आहे ते चाकांना ठाऊक होतं,
निदान मला तसं वाटत होतं.
रिमांतास ट्रॉलीत, बॉयलरला मिठी मारून;
पाणी पायरीपर्यंत आलं तेव्हा
काहीतरी पुटपुटला, प्रार्थना असेल, शिवीही असेल.
त्याच्या खिशातून ती बाई म्हणत होती,
शक्य होईल तेव्हा मागे वळा.

हेउल्वेनच्या खिडकीत मेणबत्ती होती.
फाटक उघडलं, इंजिन बंद केलं.
खिशातली बाई गप्पच.
अजून शोधत असेल
आम्ही कुठे आहोत ते.